पल्सर २२०: इंजेक्शन आलं, गेलं आणि अकरा वर्षांनी परत आलं

मोटरसायकलच्या इंजिनात पेट्रोल कसं सोडायचं, याचं उत्तर जगभर एकाच दिशेने बदलत गेलं. आधी हवेच्या ओढीने पेट्रोल देणारा कार्ब्युरेटर (थोडक्यात कार्ब), मग विजेच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन. होंडाने १९८२च्या सीएक्स ५०० टर्बोवर इंजेक्शन बसवलं, बीएमडब्ल्यूने १९८३च्या के१००वर. एकदा बसलेलं इंजेक्शन काढून त्याच गाडीला पुन्हा कार्ब लावायचा, असं सहसा कुणी करत नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने ते केलं, आणि तेही तेव्हाच्या आपल्या सगळ्यात तगड्या पल्सरवर.

जुलै २००७मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आली, एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन. ऑइल कूलर, मागच्या चाकालाही डिस्क, ट्यूबलेस टायर, प्रोजेक्टर हेडलॅम्प आणि इंजेक्शन. ताकद सुमारे २० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), ८००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). दोन वर्षं झाली न झाली तोच, जून २००९मध्ये, तीच गाडी पल्सर २२० डीटीएस-आय या नावाने पुन्हा आली. चेहरा तोच, २२० सीसीही तेच, मागची डिस्कही शाबूत. इंजेक्शन तेवढं गायब, त्याच्या जागी सीव्ही कार्ब्युरेटर. ताकद घटण्याऐवजी वाढली होती: ८५०० आरपीएमला २१ पीएस. किंमत आधीच्या गाडीपेक्षा कमी. जाहिरातीत ‘द फास्टेस्ट इंडियन’. या कार्बवर ती गाडी २०२०पर्यंत विकली गेली. त्या वर्षी बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, या गाडीला, म्हणजे तोवर २२०एफ म्हणवणाऱ्या पल्सरला, पुन्हा इंजेक्शन मिळालं, ताकद २०.४ पीएसवर आली आणि किंमत चढली.

हे वाचून दोन तट पडतात. एका गटाचं म्हणणं, ‘बघा, कार्बच भारी, कंपनीलाही कळलं.’ दुसऱ्या गटाचं म्हणणं, ‘कंपनीने पैसे वाचवले, ग्राहकाला मागे नेलं.’ मला दोन्ही अर्धवट वाटतात. २००७मध्ये इंजेक्शन नापास झालं नव्हतं, त्याच्यापुढे परीक्षाच नव्हती. जे काम इंजेक्शनशिवाय होतच नाही, ते काम त्या वेळी ना ग्राहक मागत होता, ना कायदा. बिल मात्र येत होतं.

मुठीपासून सिलिंडरपर्यंत

कार्ब्युरेटरचं तत्त्व साधं आहे. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर खेचलं जातं. वाटीतली पातळी फ्लोट राखतो. स्लोला, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, पायलट जेट काम करतो, मधल्या मुठीला सुई, पूर्ण मुठीला मेन जेट. वीज नाही, मेंदू नाही. हवेचा वेग हाच हुकूम.

२२०वर बसला तो सीव्ही कार्ब होता आणि इथे जरा थांबायला हवं, कारण गाडीच्या स्वभावाचा निम्मा उलगडा इथेच होतो. जुन्या साध्या कार्बमध्ये मुठीची केबल थेट स्लाइडला बांधलेली असते. सीव्हीमध्ये केबल फक्त बटरफ्लाय झडप फिरवते. स्लाइड आणि तिची सुई वरच्या रबरी डायफ्रामला टांगलेली असतात आणि इंजिन जेवढा निर्वात निर्माण करेल तेवढीच ती वर उचलली जाते. म्हणजे स्वाराने मूठ एकदम पिळली तरी इंजिनला झेपेल तेवढंच आणि झेपेल त्या वेगाने मिश्रण मिळतं. स्वार आणि इंजिन यांच्यामध्ये एक समंजस मध्यस्थ बसलेला असतो.

इंजेक्शनमध्ये हा मध्यस्थ म्हणजे इसीयू, गाडीतला छोटा संगणक. टाकीत बुडवलेला पंप पेट्रोलला दाब देतो. सेन्सर सांगत राहतात: मूठ किती उघडी, इनटेकमधला दाब किती, हवा आणि इंजिन किती तापलेलं, क्रँक कुठे आहे. त्यावरून इसीयू ठरवतो की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. यात लवचीकता अफाट, पण ती आधी कुणीतरी कोष्टकात भरून ठेवावी लागते. त्या काळच्या छोट्या इंजेक्शन गाड्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू यायची: कमी वेगात मूठ सोडून परत उघडली की झटका बसतो. मूठ पूर्ण बंद झाली की इसीयू पेट्रोल तोडतो आणि उघडली की एकदम चालू करतो. हे तोडणं-जोडणं मऊ करायला कोष्टकांवर महिनोन्‌महिने काम लागतं. सीव्ही कार्बला ही मऊपणाची देणगी जन्मजात. लक्ष्मी रोडच्या गर्दीत दुसऱ्या गियरवर रखडणाऱ्या माणसाला कार्बची गाडी ‘स्मूद’ वाटायची, ती काही त्याची समजूत नव्हती.

ग्राहकाला काय दिसत होतं

इंजेक्शनचे फायदे खरे होते. चोक ओढायची गरज नाही, थंडीत बटण दाबलं की गाडी चालू. पण पुण्यातली डिसेंबरची सकाळ म्हणजे काही बर्लिन नव्हे. कार्बच्या गाडीला मिनिटभर चोक द्यायचा, हेल्मेट घालेपर्यंत ती तापते. एवढ्यासाठी हजारो रुपये जास्त मोजायला कोण तयार होईल?

दुसरा फायदा उंचीचा. कार्बला हवेची घनता कळत नाही, वेग कळतो. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही आणि मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होत जातं. हिशोब मांडला तर समुद्रसपाटीला नीट लावलेला कार्ब महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३७० मीटरवर, सात टक्क्यांच्या आसपास रिच चालतो. गाडी थोडी जड वाटते, बस. तोच कार्ब खारदुंग ला, ५३५९ मीटरवर, जवळजवळ एक तृतीयांश रिच होतो. प्लग काळा, स्लो बिघडलेला, काळा धूर. इंजेक्शन इनटेकमधला दाब मोजून पेट्रोल कमी करतं. ताकद तिथे दोघांचीही पडते, कारण मुळात हवाच कमी असते. कार्बची मात्र या दुसऱ्या कारणाने आणखी पडते. हा फायदा मोठा आहे, फक्त तो लडाखला जाणाऱ्यालाच मिळतो. मुंबई-गोवा किंवा पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिसरा फायदा ॲव्हरेजचा सांगितला जायचा. २२० सीसीची गाडी घेणारा ॲव्हरेजसाठी घेत नाही, हे खरं. विचारतो मात्र नक्की. त्याला उत्तर मिळायचं ते काही डोळे दिपवणारं नव्हतं. इंजेक्शनने ॲव्हरेजमध्ये मोठा फरक पडावा तर इंजिन बराच काळ लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालवायला हवं, आणि हवेवर थंड होणारं तापट इंजिन फार लीन चालवणं धोक्याचं.

शोरूममध्ये समोर काय होतं? जास्त किंमत, आणि तिच्या बदल्यात न दिसणारे फायदे.

गॅरेजमध्ये काय होतं

कार्ब खोलायला स्क्रू ड्रायव्हर, एका ताटलीत पेट्रोल आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. जेट फुंकला, फ्लोट पिन पाहिली, वाटीतला गाळ पुसला, एअर स्क्रू दीड फेरा सोडला, स्लो सेट केला. तालुक्याच्या गावातला कुठलाही मेकॅनिक हे डोळे झाकून करतो. कार्बचं किट पुण्यात नाना पेठेत सहज मिळायचं आणि आजही मिळतं. इंजेक्शनच्या गाडीला ‘मिसिंग’ आलं, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं, की प्रश्न वेगळा होता. पंपाचा दाब पडला का, सेन्सर मेला का, की कनेक्टरमध्ये पाणी गेलं? हे शोधायला स्कॅनर लागतो आणि तो तेव्हा बाहेरच्या गॅरेजात नव्हता. साताऱ्याच्या पुढे बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून आणावी लागणार, ही भीती खरेदीच्या वेळीच मनात घर करायची. ती गाडी खरोखर किती वेळा बंद पडते, हा नंतरचा भाग.

बॅटरीचीही एक गोष्ट. बॅटरी पार झोपली तर कार्बची गाडी उतारावर ढकलून चालू होऊ शकते, इग्निशन कशावर चालतं त्यावर ते अवलंबून. इंजेक्शनच्या गाडीत आधी पंप फिरायला हवा, इसीयू जागा व्हायला हवा. त्याला किमान व्होल्टेज लागतं आणि ते ढकलून मिळत नाही.

आणि पेट्रोल. त्या दशकात महाराष्ट्रात रॉकेलची भेसळ हा किरकोळ विषय नव्हता. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं, इतकं ते जाळं निर्ढावलेलं होतं. भेसळीचं किंवा गाळ असलेलं पेट्रोल दोन्ही गाड्यांना वाईटच. पण कार्बमध्ये गाळ वाटीत बसतो, वाटी पुसली की झालं. इंजेक्शनमध्ये तो टाकीतल्या पंपाच्या जाळीवर आणि इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांवर बसतो. त्यात आपल्याकडच्या सवयीने गाडी सदा रिझर्व्हवर. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळे. टाकी कोरडी ठेवली की पंप तापतो आणि आयुष्य घटतं. पेट्रोल कॉक नाही, रिझर्व्हला वळवायची कळ नाही, फक्त काटा. हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही, तर दोष पंपाच्या माथी जातो.

ताकदीचं कोडं

कार्ब लावल्यावर एक पीएस वाढला, हा मुद्दा आजही वादात तलवारीसारखा काढला जातो. त्याच घरातली दुसरी गाडी शेजारी ठेवली की तलवार म्यान करावी लागते.

२०१२मध्ये पल्सर २०० एनएस आली: वॉटर कूलिंग, चार व्हॉल्व्ह, तीन स्पार्क प्लग आणि कार्ब्युरेटर. २३.५ पीएस. २०१५मध्ये जवळपास त्याच इंजिनावर पल्सर आरएस २०० आली, इंजेक्शनसह: २४.५ पीएस. इथे इंजेक्शन आल्यावर एक पीएस वाढला. तिकडे इंजेक्शन गेल्यावर एक पीएस वाढला होता. आणि २०२०मध्ये २२०वर इंजेक्शन परतलं तेव्हा अर्ध्या पीएसहून जास्त घटलं. या आकड्यांतून इंजेक्शन चांगलं की वाईट हे निघत नाही.

कारण पूर्ण मुठीला इंजिनला हवं असतं ते थोडं रिच मिश्रण, हवेच्या साडेबारा-तेरा भागांना एक भाग पेट्रोल. ते नीट निवडलेला मेन जेटही देतो आणि नीट भरलेलं कोष्टकही. कमाल ताकद ठरते ती व्हॉल्व्ह, पोर्ट, कॉम्प्रेशन, सायलेन्सर आणि किती आरपीएमपर्यंत श्वास घेता येतो यावर. २००९च्या २२०ची ताकद ८००० ऐवजी ८५००ला येत होती, हाच धागा धरायचा. ती गाडी थोडी वर फिरण्यासाठी लावली होती. कार्बच्या बाजूने एक छोटी गोष्ट सांगता येते: पेट्रोल लांबून हवेत मिसळत येतं, वाटेत बाष्प होताना हवा थंड करतं आणि थंड हवा दाट असते. इंजेक्शनच्या बाजूने, इनटेकमध्ये गळा अरुंद करावा लागत नाही. दोन्ही मिळून बरोबरी म्हणा. २०२०ची घट मात्र दुसऱ्या खात्यातली आहे, ती सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आणि नियमांना बांधलेल्या ट्यूनिंगची.

कंपनीच्या बाजूने

२००७ साली बजाजकडे मोठ्या पल्सर दोन होत्या. वर्षाच्या सुरुवातीला आलेली २०० डीटीएस-आय, कार्बवाली, १८ पीएस. आणि २२० एफआय. दोघींमध्ये ताकदीचा फरक दोन पीएस, किमतीचा फरक बराच. २००९मध्ये कार्बवाली २२० आली आणि २०० बंद झाली. मागे वळून पाहता निर्णय असा दिसतो: दोन गाड्यांची एक केली. वरच्या गाडीचा देखावा, डिस्क, दिवे आणि ताकद ठेवली, खालच्या गाडीची पेट्रोल यंत्रणा आणि किंमत ठेवली. ग्राहक ज्या गोष्टींसाठी पैसे मोजत होता त्या सगळ्या राहिल्या. ज्यासाठी मोजत नव्हता, ती गेली.

त्याच सुमाराला बाकीचे उलट्या वाटेने चालले होते, म्हणून हा निर्णय जास्त डोळ्यांत भरतो. हिरो होंडाने २००६मध्येच ग्लॅमरला इंजेक्शन दिलं होतं, १२५ सीसीच्या घरगुती गाडीला! २००८मध्ये यामाहाची आर१५ आली आणि बजाजने कार्ब लावला त्याच वर्षी हिरो होंडाने करिझ्मा झेडएमआर इंजेक्शनवर आणली. आर१५ची किंमत लाखाच्या घरात होती आणि ती घेणारा वॉटर कूल्ड, चार व्हॉल्व्हची, रेसच्या घराण्यातली गाडी म्हणून घेत होता. तिथे इंजेक्शन त्या पॅकेजचाच भाग होतं. पल्सरच्या ग्राहकाचा हिशोब वेगळा: रुपयाला किती पीएस.

तंत्र येत नव्हतं म्हणून सोडलं, असंही कुणाला वाटू नये. जानेवारी २०१२मध्ये केटीएम ड्यूक २०० भारतात आली. ती चाकणलाच बनत होती, इंजेक्शनसह, २५ पीएस, सुमारे १ लाख १७ हजारांना. त्याच वर्षी, त्याच चाकणची पल्सर २०० एनएस कार्ब आणि तीन प्लग घेऊन सुमारे ८४ हजारांना. एकाच आवारात दोन्ही यंत्रणा नांदत होत्या आणि कुठली कुणाला द्यायची ते किंमतीची पट्टी ठरवत होती. तीन प्लग हा कार्बला इंजेक्शनच्या जवळ नेण्याचा खटाटोपच होता: पेट्रोल अचूक सोडता येत नसेल तर निदान जे आत आलंय ते नीट जाळा. मला या हट्टाचं कौतुक वाटतं आणि थोडं हसूही येतं.

खुर्चीवर न बसलेला चौथा

ग्राहक, मेकॅनिक, कंपनी असे तिघे झाले. चौथी बाजू हवेची. २००९मध्ये तिच्या वतीने बोलणारा कायदा बराच मवाळ होता.

२००५पासून दुचाकींना मर्यादा होती किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १.५ ग्रॅम, आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून १.५ ग्रॅम. २०१०मध्ये बीएस-३ आलं आणि दोन्ही आकडे १.० झाले. इथे ‘मिळून’ या शब्दातच कार्बची सोय होती. इंजिन थोडं लीन लावायचं, सायलेन्सरमध्ये बाहेरची ताजी हवा सोडून उरलेलं पेट्रोल तिथेच जाळायचं, एक साधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचा. कार्ब पास. २०१७च्या बीएस-४मध्येही, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली तेव्हाही, २२० आणि एनएस दोघी कार्बवरच पास झाल्या.

१ एप्रिल २०२०च्या बीएस-६ने हे गणित मोडलं. कार्बन मोनॉक्साइड १.० ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१ आणि नायट्रोजन ऑक्साइड वेगळं मोजून ०.०६ ग्रॅम. चाचणीची पद्धतही मधल्या काळात बदलली, त्यामुळे जुने आणि नवे आकडे थेट शेजारी मांडून भागाकार करणं बरोबर नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. लीन चालवलं की हायड्रोकार्बन घटतं, पण नायट्रोजन ऑक्साइडची अडचण होते, कारण हवा जास्त असताना कन्व्हर्टर त्यातला ऑक्सिजन काढून घेऊ शकत नाही. तिन्ही विषारी वायू एकाच वेळी मारणारा कन्व्हर्टर काम करतो तो मिश्रण १४.७ला एक या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच. टक्काभर इकडेतिकडे झालं की एखादा वायू निसटतो.

कार्बला ही एका टक्क्याची शिस्त जमत नाही. सकाळी आणि दुपारी हवेची घनता वेगळी, जेट झिजतो, फ्लोट किंचित खाली बसतो. कार्ब आमटीत ठरलेल्या चमच्याने मीठ टाकतो, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर असलेलं इंजेक्शन दर क्षणी चव घेऊन टाकतं. २००७मध्ये कायद्याने चव घ्यायला सांगितलंच नव्हतं. २०२०मध्ये सांगितलं आणि त्या दिवशी इंजेक्शनला पहिल्यांदा असं काम मिळालं जे साध्या कार्बला करता येत नव्हतं.

साध्या कार्बला, असं मुद्दाम म्हणतो. कारण इथे बजाजने पुन्हा एकदा जुनी चाल खेळली. बीएस-६नंतर आपल्या काही छोट्या गाड्यांना कंपनीने इ-कार्ब दिला. कार्ब्युरेटरच, पण इसीयूच्या हुकमाने हवेची वाट कमीजास्त करणारा सोलेनॉइड बसवलेला. अमेरिकेतल्या मोटारींनी १९८०च्या आसपास कायद्याच्या रेट्यात हाच मधला मार्ग काही वर्षं वापरला होता. टाकीतला पंप नको, उच्च दाबाच्या नळ्या नकोत, शंभर सीसीच्या गाडीला हे परवडतं. २०२३पासून ओबीडी-२चे नियम आले, गाडीने स्वतःच्या प्रदूषण यंत्रणेवर स्वतः नजर ठेवायची. पुढे त्याचा कडक टप्पा, ओबीडी-२बी, आला तेव्हा २०२५च्या प्लॅटिना ११० एनएक्सटीत इ-कार्ब जाऊन इंजेक्शन आलं. २००९मध्ये बाजाराने जे परत पाठवलं होतं, ते कायद्याने टप्प्याटप्प्याने थेट प्लॅटिनापर्यंत पोचवलं.

२२०चं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२१मध्ये पल्सर एफ२५० आणि एन२५० आल्या, २०२२मध्ये २२०एफ बंद झाली, २०२३मध्ये परत आली. अर्थात इंजेक्शनवर. पुण्या-कोल्हापूरच्या पोरांना तीच हवी होती आणि या वेळी कार्ब की इंजेक्शन हे कुणी विचारलंही नाही.

आज जुनी २२० घ्यायची असेल तर

या प्रकरणाचा हा भाग पुस्तकी नाही, कारण तिन्ही पिढ्यांच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

२००७-०९ची एफआय संग्रहासाठी घ्यावी, रोजच्या ऑफिसला नाही. एवढ्या थोड्या काळ विकलेल्या गाडीचा पंप, थ्रॉटल बॉडी आणि इसीयू शोधणं हेच एक काम होऊन बसतं. ‘सरळ कार्ब लावून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. ते दिसतं तितकं सोपं नाही. इग्निशनही त्या इसीयूच्या हातात असतं, म्हणजे ठिणगीसाठी वेगळं सीडीआय (इग्निशनचा डबा) आणि वायरिंग लागतं. टाकीतल्या पंपाच्या जागी कॉक बसवावा लागतो, इनटेकचा मॅनिफोल्ड बदलावा लागतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहे, ते आरसीचं काम करताना आठवतं.

कार्बवाली घेणाऱ्याने डायफ्राम आधी पाहावा. त्याला केसाएवढी चीर गेली की स्लाइड पूर्ण उचलत नाही. गाडी स्लोला छान, शहरात छान आणि ऐंशीच्या पुढे दम सोडते. मेकॅनिक मग क्लच प्लेटपासून सुरुवात करतो.

आणि आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की गरज साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेला जेट सात-आठ टक्के लीन पडतो. गंमत अशी की महाबळेश्वरची सात टक्के रिच आणि ई२०ची सात टक्के लीन एकमेकांना खाऊन टाकतात. जुनी २२० तिथे बहुधा अगदी बेतशीर चालत असेल. खाली उतरल्यावर मात्र उन्हाळ्यात इंजिन जास्त तापतं, सकाळी चोक जास्त वेळ लागतो, मूठ सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली २०२०नंतरची गाडी हे बऱ्याच अंशी स्वतः सावरून घेते. सेन्सर नसलेलं जुनं इंजेक्शन सावरत नाही, ते या बाबतीत कार्बच्याच पंक्तीला बसतं. कार्बवाल्याकडे निदान उपाय स्वस्त आहे: प्लगचा रंग पाहायचा, पांढरट पडत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा आणि एअर स्क्रू थोडा हलवून पाहायचा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून ठेवायचं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते वाटीच्या तळाशी पितळी जेटभोवती साठतं.